न वाळलेला चुना

देवखोल संस्थानाचं बाळंतघर जुन्या इमारतीत होतं. कौलं फुटल्यामुळे भिंतींत पाणी मुरायचं, बुरशी चढायची आणि आठ-आठ दिवसांची बाळं खोकायची. तिथल्या मुख्य सुईण द्वारकाक्कांनी कौलं बदलून मागण्यासाठी दिवाण नारोपंतांकडे तीनदा अर्ज केला. "तुम्ही बायका गरम पाणी फार वापरता, त्याची वाफ आहे ती," एवढंच उत्तर दरवेळी मिळालं.

राजेसाहेब पाहणीला येणार असं कळल्यावर मात्र दिवाणांनी घाईघाईने बुरशीवरच चुना फासून घेतला. पाहणीच्या दिवशी मखमली अंगरखा मिरवत ते म्हणाले, "सरकार, भिंत कशी ठणठणीत कोरडी आहे, पाहावं."

"मग दिवाणसाहेबांनी जरा टेकून बसावं," द्वारकाक्का म्हणाल्या. "आमच्या बाळंतिणी रोज टेकतात."

दिवाण भिंतीपासून दूर सरकले. "अंगरखा खराब होईल. चुना अजून ओला आहे."

"चुना देऊन तीन आठवडे झाले, साहेब. भिंत कोरडी आहे, तर तो वाळला कसा नाही?"

राजेसाहेबांनी भिंतीला बोट लावताच चुन्याचा पोपडा गळून पडला आणि खालची काळीहिरवी बुरशी दिसली.

"कौलं बदलेपर्यंत बाळंतिणी तुमच्या घरी राहतील," ते दिवाणांना म्हणाले, "आणि तुम्ही इथे."

दिवाणांनी दोन दिवस नाकाला उपरणं लावून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी छपरावर चढले होते.