रुसलेला हंडा

खूप जुनी गोष्ट, डोंगरसुद्धा तेव्हा तरुण होते. मक्याच्या मुलखात एक मोठं घर होतं. सणाला सगळे जमत. मक्याचं पीठ कणसाच्या सालींत बांधत आणि त्या पुड्या मोठ्या हंड्यात वाफवत. हात पुड्या बांधत, आजी गोष्ट सांगे.

त्या घरात एक समज होता. हंड्याजवळ कुणी रागावलेलं असलं, की पीठ कच्चं राहतं. मग रागावलेल्यानं हंड्याभोवती नाचायचं, तेव्हा कुठे ते शिजतं.

आता रागावलंय कोण, हे ठरवायची मोठी माणसं. आणि मोठ्यांना मोठ्यांचा राग कधी दिसतो होय? दर वर्षी सापडायची ती थोरली नात, इनेस.

त्या सणाला आजी सांगत होती, "भुकेल्या सशानं कणीस चोरलं. शहाण्या म्हाताऱ्या कासवानं त्याला शेतातून हाकललं."

"कासवाचं पोट भरलेलं होतं ना?" इनेस म्हणाली. "आजी, तुझ्या गोष्टीत म्हातारे कधीच कसे चुकत नाहीत गं?"

मामा खेकसला, "तोंड बघा पोरीचं! हिच्यापायी आज उपाशी राहू."

"ऊठ इथून," आजी म्हणाली. "पुन्हा माझ्या हंड्याजवळ येऊ नकोस. कधीच."

इनेस अंगणात जाऊन बसली. आजीला टेकून पुड्या बांधायच्या, यासाठीच तर ती सणाची वाट बघे. आता तेही गेलं.

आत आजीनं झाकण काढलं. पीठ कच्चं. आणखी लाकडं सारली. तरी कच्चंच.

धाकटा बेतो म्हणाला, "ताई तर बाहेर आहे. मग आता कोण रागावलंय?"

मामा आढ्याकडे बघू लागला. मावशीला एकदम खोकला आला. कळलं सगळ्यांना.

आजी गुडघे धरत अंगणात आली. "चल गं."

"मी नाही रागावले आता."

"मी रागावलेय! एकटीला नाचायची लाज वाटते. हात दे."

दोघी हंड्याभोवती फिरल्या. आजीचा पाय चुके, इनेस सावरे. शेवटी आजीलाच हसू फुटलं, आणि झाकणाखालून शिजल्या मक्याचा वास सुटला.

पहिली पुडी आजीनं इनेसच्या हातावर ठेवली. "कासव म्हातारं होतं," ती म्हणाली, "आणि त्या दिवशी चुकलं. पुढचं तू सांग."

इनेसनं सशाला शेतात परत आणलं. तेव्हापासून त्या घरात गोष्ट आजी सुरू करते आणि नातवंडं संपवतात.

ऐका, लहानांनो आणि खास करून मोठ्यांनो: लहानांना उठवून लावण्याआधी मोठ्यांनी स्वतःचा राग ओळखावा.