साहेबांचं गायब बटण

दूध संघाचे व्यवस्थापक खर्डेकर साहेब भरसभेत कडाडले, “सगळ्यांच्या स्प्रेडशीटमध्ये एआयचं बटण आलंय, माझ्याच का नाही? निकम बाई, आत्ताच्या आत्ता कारण सांगा, नाहीतर तुमची बदली!”

संगणक विभागाच्या सुनंदा निकम म्हणाल्या, “साहेब, आधी तुमचा कॉम्प्युटर सुरू करा.”

साहेबांनी तो सुरू केला. पडद्यावर चौकट उमटली : ‘नवीन अपडेट आलं आहे. आत्ता घ्यायचं की नंतर?’ साहेबांनी सवयीने ‘नंतर’ दाबलं.

“हेच कारण,” बाई म्हणाल्या. “ते बटण बिचारं रोज तुमच्या दारात येतं, आणि तुम्ही त्याला ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवता.”

सभेत हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना. बदलीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.