मूठ वाढवा

जनावरं आपला आठवडी बाजार भरवत, त्या काळची ही गोष्ट. कुस्तीचं मैदान बांधायचं ठरलं, तेव्हा बाजारातून धान्य नेणाऱ्या प्रत्येकाने एक मूठ मैदानासाठी द्यायची, असा नियम बाजाराच्या प्रमुख हत्तीणआजींनी केला. मूठ घ्यायला अस्वल बसू लागलं.

मैदान झालं, कुस्त्याही रंगल्या. पण पुढच्याच बाजारी अस्वलाने दोन मुठी काढल्या. अस्वलाच्या दोन मुठी म्हणजे खारीची जवळजवळ सगळी टोपली! घरी तिची तीन पिल्लं भुकेली होती.

"अस्वलदादा, मैदान तर झालं. मग आता दोन मुठी कशाला?"

"मलाही तेच कळत नाही गं. पण हत्तीणआजींचा हुकूम आहे."

खार तडक आजींकडे गेली. दोन्ही मुठींत तिचे दाणे तसेच धरून अस्वलही मागोमाग आलं.

"दोन?" आजी चकित झाल्या. "अरे, मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मैदान झालं, आता मूठ वाढवा!"

"मग वाढवली की!"

"वेड्या, दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, तशी वाढव म्हटलं! चांगल्या कामात 'बंद' कसं म्हणायचं?"

खार हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही शुभ बोललात, पण माझी पिल्लं उपाशी राहतील ना."

आजी सोंड उंचावून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मूठ बंद!"

अस्वलाने लगेच मुठी घट्ट आवळल्या.

"अहो दादा, थांबा!" खार ओरडली. "आधी माझे दाणे सोडा!"