कांद्यांवर बसलेली कोंबडी

काही माणसे दारात आलेल्याला पाणी विचारण्याआधी त्याचे मूळ विचारतात. गाव कोणते, आजोळ कुठले, घराणे कोणाचे? उत्तर मनासारखे आले तरच तांब्या बाहेर येतो. आपले काही चुकते आहे असे या माणसांना कधीच वाटत नाही. आपल्याइतके चोखंदळ कोणी नाही, अशीच त्यांची ठाम समजूत असते. त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही, तो पिढ्यानपिढ्या करून झाला आहे. त्यापेक्षा त्यांना कोंबड्यांची गोष्ट सांगावी.

एकदा एक शिष्य भर सकाळी कोंबड्यांच्या चोची उघडून त्यांच्या जिभा पाहत बसला होता.

त्याचे गुरू म्हणजे माळाच्या कडेला राहणारे एक वृद्ध गृहस्थ. छोटे घर, मागे चार झाडे आणि अंगणभर कोंबड्या, एवढाच त्यांचा संसार. सारे गाव त्यांना आप्पा म्हणे. जगावे कसे हे शिकण्यासाठी लोक लांबून त्यांच्याकडे येत. हा शिष्य कॉलेजची पदवी घेऊन, मनात पेटून आला होता. जे जे उत्तम आणि नष्ट होत चालले आहे ते वाचवायचे, असा त्याचा निर्धार होता. आप्पांनी त्याचा निर्धार शांतपणे ऐकून घेतला आणि त्याच्या हाती खुराडे झाडायचा खराटा दिला. तेव्हापासून तो झाडत होता आणि मनातल्या मनात धुमसत होता.

झाडता झाडताच त्याला वाचवण्याजोगी एक गोष्ट सापडली. त्या अंगणात कडकनाथाची एक अस्सल कोंबडी होती. पिसे काळी, तुरा काळा, पाय काळे, चोच उघडली तर जीभसुद्धा काळी. तिच्या जोडीचा कोंबडा मुंगसाने नेला होता. गावात त्या वाणाचा दुसरा कोंबडा नव्हता. कोंबडा होता तोवर काळीने जी अंडी घातली, तेवढीच काय ती आशा उरली होती. ती फुटली तर वाण राहील, नाहीतर या गावापुरता संपला. शिष्याने ही गोष्ट जिवाला लावून घेतली.

आप्पांनी ती अंडी एका उघड्या मानेच्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या कोंबडीखाली रवणाला, म्हणजे उबवायला, ठेवली होती. गावाची रीतच तशी होती. कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचे थांबवून बसायच्या तयारीला लागली, की शेजारणी आपापल्या घरची अंडी कोळशाची खूण करून तिच्याखाली आणून ठेवत. पिल्ले निघाली की ज्याची त्याने न्यावीत. पाटीत भुसा, भुशावर अंडी, कोपऱ्यात लोखंडाचा एक खिळा, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत. वर बसलेली कोंबडी कोणाचे अंडे कोणते हे पाहत नसे. शेजारच्या धुरपदामावशीचीही थोडी अंडी त्याच पाटीत होती.

नेमके हेच शिष्याला सलत होते. एवढ्या दुर्मीळ अंड्यांवर ही कोण भलतीच? मान बघावी तर उघडीबोडकी, तुरा वाटाण्याएवढा, पाय पिवळे, पिसांचा रंग धड एक नाही. मान एका वाणाची, तुरा दुसऱ्याचा आणि ठिपके सरकारी योजनेत वाटलेल्या कोंबड्यांचे, असे त्याने पुस्तकावरून ठरवले. तिची जीभही त्याने पाहायचा प्रयत्न केला होता, पण तिने त्याच्या हाताला असा चोच-प्रसाद दिला की तेवढी तपासणी राहून गेली.

त्या दिवशी आप्पा सकाळीच शेजाऱ्याच्या विहिरीवर गेले होते. जाताना ते म्हणाले, की आज खुराडे तुझ्या ताब्यात. शिष्याने या वाक्याचा जरा जास्तच अर्थ घेतला.

हमरस्त्यावर धाबा चालवणारा एक व्यापारी टेम्पो घेऊन गावात कोंबड्या शोधत आला होता. शिष्याने त्याला अंगणात बोलावले आणि सौदा ठरवला. अस्सल तेवढ्या कोंबड्या इथे राहतील, मिश्र सगळ्या तुम्ही न्या आणि त्या बदल्यात मला तारेची जाळी द्या, अस्सलांसाठी वेगळा वाडा करायचा आहे. व्यापाऱ्याने डोके खाजवले. त्याला यातले मिश्र कोण आणि अस्सल कोण हे कळेना. शिष्य एकेक कोंबडी उचलून त्याला तुरा, नडगी आणि जीभ समजावून सांगू लागला. ही काळी दिसते खरी, पण हिची जीभ गुलाबी, म्हणून ही नको. याची छाती झुंजीच्या असील कोंबड्यासारखी रुंद, पण पिसे ढिली, म्हणून हाही नको.

"मास्तर, तुम्ही द्याल त्या नेतो," व्यापारी म्हणाला. "आमच्या रश्श्याला वाण कळत नाही."

होता होता सगळे अंगणच टेम्पोत गेले. शेवटी शिष्याने हाताला फडके गुंडाळून उघड्या मानेच्या कोंबडीला पाटीवरून उचलले. ती केवढी तरी ओरडली. तिलाही पिंजऱ्यात घालून त्याने काळीला पाटीत ठेवले आणि वरून बांबूचे डालगे पालथे घातले. आपली अंडी, आपली ऊब. आता कसे सगळे जागच्या जागी आले, असे त्याला वाटले. टेम्पो गेला. उरलेल्या वेळात त्याने वाड्यासाठी खुंट ठोकले आणि ठोकताना चक्क शीळ घातली.

ऊन वर आले तरी आप्पा जेवायला आले नाहीत. शिष्य त्यांना हाका मारत घरामागे गेला, तर खुराड्यातून हसण्याचा आवाज. दारात धुरपदामावशी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि आत, भुशात, भिंतीला टेकून आप्पा बसले होते. अंगावर ऊन नसताना त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. दोन्ही हात पोटाशी. हालचाल नाही.

"आप्पा, खुडूक झालासा का काय?" मावशी म्हणत होती.

आप्पांनी मान डोलावली.

शिष्याने त्यांना जेवायला उठायची विनंती केली. ते उठेनात. बरे वाटत नाही का, असे विचारले. उत्तम वाटते आहे, म्हणाले. शिष्य घाबरला. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ऊन चढते हे त्याने ऐकले होते. त्याने जवळ जाऊन घोंगडीचे टोक उचलले. बंडीच्या आत, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली, पोटाला चिकटलेली सगळी अंडी होती. पलीकडे डालगे उलटे पडले होते आणि काळी परसात मजेत किडे वेचत होती.

"हे काय, आप्पा?"

"तू बसणारीला उठवलेस," आप्पा म्हणाले, "म्हणून मी बसलो."

शिष्याला काही उमगेना. काळीला तिच्याच अंड्यांवर बसवले होते, त्यात चूक काय झाली, असे तो काकुळतीने विचारू लागला. तेव्हा आप्पांनी घोंगडी सारखी केली आणि एवढेच बोलले :

"डालगे उचलले तेव्हा काळी पाटीच्या काठावर उभी होती. अंडी गार पडत चालली होती. अरे, तिचे काळेपण मला मान्य आहे. जीभ काळी, हाडे काळी, तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिला बसणे माहीत नाही. अंडे घालते आणि चालू लागते. तिची आई तशीच होती, आजी तशीच होती. मग ही काळी या अंगणात आली कुठून? दर खेपेला कोणीतरी भलतीच बसली, म्हणून आली. तू ज्याला शुद्ध म्हणतोस ते प्रत्येक वेळी परक्या पोटाखालून बाहेर पडले आहे. पिसांवरून वाण अर्धाच कळतो, बाळा. उरलेला अर्धा कळायचा तर कोण कोणासाठी बसले ते पाहावे लागते. आता माझ्याकडे बघ. मला तुरा नाही, नडगीला पीस नाही. या अंड्यांना विचार, म्हाताऱ्याचा वाण कोणता. आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत सायकल काढ. माणसाला कोंबडीइतका वेळ बसता येत नाही, माझे गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेत."

आता शिष्याला उमगले. जी अंडी वाचवायला त्याने हा सगळा खटाटोप केला, ती त्याच्याच हातून जात होती. आणि ती वाचवू शकणारी एकटी कोंबडी या घटकेला धाब्यावर होती, जेवणाच्या ऐन वेळी. तारेची जाळी सायकलला बांधून तो निघाला. उतारावर त्याने ब्रेक तर सोडाच, श्वासही वापरला नसेल. वाटेत त्याला राहून राहून रश्श्याचा वास येत होता, जो खरोखर कुठेच नव्हता.

धाब्यावर तो पोचला तेव्हा व्यापारी बाहेर बाजेवर कपाळाला हात लावून बसला होता आणि गिऱ्हाइके मुकाट्याने वरणभात जेवत होती.

"मास्तर," व्यापारी त्याला पाहताच म्हणाला, "कसली बया दिलीत मला?"

घडले होते ते असे. पिंजरा उघडताच उघड्या मानेची कोंबडी उडी मारून थेट भटारखान्यात शिरली. तिथे कांद्यांची टोपली भरलेली होती. तिने एक फेरी मारली, चोचीने दोन कांदे सारखे केले, पिसे फुगवली आणि बसली. आचारी कांदे घ्यायला गेला तर त्याच्या मनगटावर चोच. झाडू घेऊन गेला तर झाडूवर चोच. कांद्याशिवाय रस्सा होणार कसा? सकाळपासून एकही कोंबडी कापायची वेळ आली नव्हती आणि आचारी दाराआड उभा राहून आपली नोकरी चालू आहे की गेली, हे विचारत होता.

शिष्य भटारखान्यात गेला. कोंबडी टोपलीत बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले, उघडी मान आत ओढलेली. तिच्या पोटाखालून एक लाल कांदा डोकावत होता. तिने तो चोचीने हळूच आत घेतला. कांदा कोणाचा, कुठल्या शेतातला, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. शिष्य पाहत राहिला आणि मग त्याला हसू फुटले. इतके हसू की डोळ्यांतून पाणी आले. ते कांद्यांमुळे आले, असे त्याने आचाऱ्याला सांगितले.

त्याने तिला उचलायला हात पुढे केला. या खेपेला फडके गुंडाळले नाही. तिने चोच मारलीच, पण त्याने हात मागे घेतला नाही. पोटाखाली तळवा गेला तेव्हा त्याला कळले, की तिथली पिसे तिने स्वतःच उपटून काढली होती. अंड्यांना आपली कातडी लागावी, मध्ये पिसाचाही पडदा नको, म्हणून. ती जागा तव्यासारखी गरम होती. पुस्तकातल्या कोणत्याही चित्रात ही खूण त्याने पाहिली नव्हती.

जाळीची गुंडाळी व्यापाऱ्यापुढे ठेवून त्याने सौदा मोडल्याबद्दल माफी मागितली आणि सगळ्याच कोंबड्या परत मागितल्या. व्यापारी भला माणूस होता. त्याने टेम्पो काढला. "सगळ्या न्या," म्हणाला, "पण आधी ही बाई न्या. मला माझे कांदे मिळू देत."

खुराड्यात आप्पांनी बंडीतून एकेक अंडे काढून पाटीत ठेवले. अजून कोमट होती. शिष्याने कोंबडी काठावर सोडली आणि तो दोन पावले मागे सरला. अशी उठवलेली कोंबडी कित्येकदा पुन्हा बसत नाही, हे मावशीने त्याला मघाशीच सुनावले होते. कोंबडीने अंड्यांकडे पाहिले. मग शिष्याकडे पाहिले, आणि ती नजर फारशी प्रेमळ नव्हती. मग तिने एक अंडे उलटले, दुसरे उलटले, पिसे फुगवली आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली बसली.

आप्पांना उठवायला मात्र दोघे लागले.

माणसाचे मूळ शोधणाऱ्यांनी एवढेच शोधावे, की आपण ज्या उबेतून निघालो ती कोणाकोणाची होती. यादी आडनावापाशी थांबणार नाही.

पिल्ले निघाली त्या सकाळी अंगणात कोवळे ऊन होते. सगळी अंडी काही फुटली नाहीत, पण काळीच्या अंड्यांतली बहुतेक फुटली आणि मावशीचीही. उघड्या मानेची कोंबडी त्यांना घेऊन उकिरड्यावर आली. शिष्याने सवयीने एक काळे पिल्लू उचलले, त्याची चोच उघडायला बोट नेले, आणि मग चोच न उघडताच ते खाली सोडले. ते धावत जाऊन इतरांत मिसळले. काळी, तांबडी, ठिपक्यांची, सगळी कोंबडीच्या मागे ओळीने. तिने दोन पायांनी मागे माती उडवली की ती सगळी इवल्या पायांनी माती उडवत, आणि तिने मान वाकडी करून आभाळातल्या घारीकडे पाहिले की सगळ्या माना वाकड्या होत.

धुरपदामावशी आपली पिल्ले न्यायला पाटी घेऊन आली होती. मावशी, तुमची यांतली कोणती, असे शिष्याने विचारले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पाटी काखेत मारली.

"ऱ्हाऊ द्यात हितंच थोडं दिस," ती म्हणाली. "बघ की, समदी आईवरच गेल्यात."