प्रश्नाचा पाट

खैरमाळ गावात भिवरा नावाची एक बाई अंबाडीचे दोर वळून पोट भरत असे. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. हात मात्र असे की तिच्या दोराने बैल बांधावा आणि निर्धास्त झोपावे. चार दिवस शरीर साथ देई तेव्हा ती दोर वळी. मग कंबर धरे आणि तीन दिवस तिला अंथरुणातून उठता येत नसे. त्या दिवसांसाठी राज्याच्या कोठारातून तिला महिन्याला चार पायल्या ज्वारी मिळे. ही भीक नव्हती. ज्याचे शरीर साथ देत नाही त्याला राज्याने साथ द्यावी, असा तिथला कायदाच होता.

पुढे हैबतराव नावाचे गृहस्थ कोठाराचे कारभारी झाले. राज्यात इतके अपंग असतीलच कसे, असा त्यांना प्रश्न पडला. दारोदार जाऊन बघण्याइतका वेळ त्यांना नव्हता, म्हणून त्यांनी एक कसोटी काढली. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडायला एक घटका लागते. तेवढा वेळ जो उभा राहील तो धडधाकट. त्याचे नाव यादीतून कापायचे आणि पुढच्या गावाला जायचे.

कारकून घंगाळ आणि वाटी घेऊन खैरमाळला आला. सोमा कोष्टी जन्मांध होता, पण त्याचे पाय भक्कम. वाटी बुडाली तरी सोमा उभाच. कारकुनाने त्याला धडधाकट लिहिले तेव्हा सोमा शांतपणे म्हणाला, "बरं झालं. आता मला दिसायला कधी लागंल, तेवढं सांगा." कारकुनाला हा विनोद आवडला नाही.

मग भिवराची पाळी आली. कारकून म्हणाला, "जमत नसेल तर बस खाली, बाई. तुम्हा लोकांना सोंगं चांगली जमतात."

इथे भिवरा चुकली. चारचौघांत कण्हू नये असे तिला आईने शिकवले होते, आणि सोंगाचा शब्द तिच्या जिव्हारी लागला. ती काठीवर भार देऊन उभी राहिली. ओठातून रक्त आले तरी हलली नाही. वाटी बुडाली, कारकुनाने नाव कापले आणि तो निघून गेला. त्यानंतर भिवरा पाच दिवस पडून होती. ते पाच दिवस कोणत्याही वहीत लिहिले गेले नाहीत.

शेजारी तान्हूआत्या राहत असे. तिचे अर्धे अंग लुळे होते. तीही भिंतीला खांदा लावून उभी राहिली, मानी बाई होती ती, आणि तिचेही नाव गेले. भिवरा अंबाडीच्या सालीचे दोर वळून विकी आणि पाल्याची भाजी करून आत्याला भरवी. नुसत्या पाल्यावर माणूस किती दिवस काढणार? दिवाळी झाली आणि तान्हूआत्या गेली. भिवराला रडू आले नाही. तिला राग आला, आणि तो दोराच्या पिळासारखा दिवसेंदिवस घट्ट होत गेला.

तिकडे राजधानीत हैबतरावांनी भरसभेत सांगितले की एका वर्षात राज्यातले अपंग निम्म्यावर आले. सभेने त्यांना शेला दिला. कोणत्या औषधाने बरे केले, हे मात्र कोणी विचारले नाही.

त्या राज्यात सभा राजाहून मोठी होती. माघ महिन्यात ती भरे, आणि तिच्यात पूर्वजांनी घालून दिलेली एक शहाणी रीत होती. सभेच्या मधोमध एक लाकडी पाट असे. ज्याला कारभाऱ्याला जाब विचारायचा असेल त्याने त्या पाटावर बसायचे. कारभाऱ्याने समोर उभे राहून उत्तर द्यायचे. विचारणारा समाधानाने पाटावरून उठेपर्यंत कारभाऱ्याने बसायचे नाही. पण रीत चांगली असून काय उपयोग? लोक पाटावर टेकत, "चौकशी चालू आहे" एवढे ऐकत आणि हात जोडून उठत. वर्षानुवर्षे कोणत्याही कारभाऱ्याचे पाय दुखले नव्हते.

माघ लागताच भिवरा राजधानीला निघाली. बरोबर सोमा होता. आंधळा आणि लंगडी म्हटले की लोकांना ती खांद्यावर बसवून नेण्याची जुनी गोष्ट आठवते. इथे तसले काही झाले नाही. मडकी विकायला निघालेल्या कुंभाराच्या गाडीत दोघे बसून गेले.

भिवरा पाटावर बसली. हैबतराव शेला सावरत समोर उभे राहिले. वेळ मोजायला सभेतही तशीच वाटी होती. भिवराने ती पाण्यावर ठेवायला सांगितली आणि विचारले, "सरकार, किती जणांची नावं कापली?"

"रीतसर चौकशी करून योग्य ती नावं..."

"किती?"

हैबतरावांना आकडा ठाऊक नव्हता. दप्तर आणायला माणूस धावला. तो येईपर्यंत पहिली वाटी बुडाली. हैबतराव ताठ उभे होते. माणूस चुकीचे दप्तर घेऊन आला आणि पुन्हा धावला. दुसरी वाटी बुडाली. मग उत्तर आले: तीनशे बारा.

"त्यातली बरी किती झाली?"

याचे दप्तर नव्हतेच. हैबतराव बोलत राहिले. राज्याच्या शिस्तीविषयी बोलले, ऐतखाऊंविषयी बोलले, स्वतःच्या निष्ठेविषयी तर फारच बोलले. तिसरी वाटी बुडाली. भिवरा म्हणाली, "बरी किती झाली, ते ऱ्हायलं."

सभेत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा खैरमाळला आलेला तोच कारकून पाटाजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "तुझं नाव आजच परत चढवतो. वर्षाची राहिलेली ज्वारीही मिळेल. आता मुकाट ऊठ."

भिवराच्या पोटात सकाळपासून काही नव्हते. वर्षाची ज्वारी म्हणजे गरम भाकरी, आणि कंबर धरेल त्या दिवशी भुकेची भीती नाही. तिचा हात काठीकडे गेला. खोटे कशाला सांगा, ती उठणारच होती. पण काठी तान्हूआत्याची होती. आत्या गेल्यावर ती भिवराने ठेवून घेतली होती. मुठीवर आत्याच्या अंगठ्याने झिजलेला खळगा तिच्या हाताला लागला.

तिने काठी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. "ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, नाव परत लिहितो म्हणून. म्हंजे ते कापलं हेच चूक होतं. माझं एकटीचं चूक, आन् बाकी तीनशे अकरांचं बरोबर, असं कसं?"

कारकून मागे सरला. चौथी वाटी बुडाली. भिवराने पुढचा प्रश्न केला. "खैरमाळच्या तान्हूबाईच्या नावापुढं काय लिवलंय, ते वाचा."

कारकुनाने पान उलटले. "धडधाकट."

"ती दिवाळीनंतर मेली. उपाशी मेली. तिच्या दारी तुमचं माणूस परत कधी गेलं होतं?"

कोणी गेले नव्हते. हैबतरावांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी खांबाला हात लावला. मग खांदा टेकवला. एकाने चौरंग पुढे सरकवला, तेव्हा म्हातारे सभापती निंबाजी म्हणाले, "चौरंग मागं घ्या. बाई अजून उठलेली नाही."

हैबतराव काकुळतीला आले. "बाई, माझी कंबर धरली. पाय भरून आलेत. आता पुरे कर."

"पहिली वाटी बुडाली तवा तुम्ही ताठ हुता," भिवरा म्हणाली. "मी तवाच वहीत लिवून घरला गेले असते, तर तुम्हीबी धडधाकटच. तुमची कंबर कुणाला दिसली असती?"

मग निंबाजी उठले. त्यांना बोलणे जड गेले, पण ते बोलले. "शेला आम्ही दिला होता. न विचारता दिला होता. हा जाब आमच्यावरही आहे." आणि त्यांनी तिथेच लिहून घेतले: तीनशे अकरा नावे आजच परत चढवावीत. घटकेची कसोटी बंद व्हावी. इथून पुढे नाव कापायचे असेल तर आधी त्या घरी जाऊन माणसाचे बरे दिवसही बघावेत आणि वाईट दिवसही. तान्हूआत्याचे नाव काही परत चढवता येणार नव्हते. ते यादीच्या माथ्यावर लिहावे, म्हणजे यादी उघडणाऱ्याला रोज दिसेल, असे ठरले.

भिवराने सगळे दोनदा वाचून घेतले. सोमाने तिसऱ्यांदा वाचायला लावले, कारण त्याला म्हणे घाई नव्हती.

मग ती उठू लागली. एकजण हात द्यायला पुढे झाला. ती म्हणाली, "हात नको. काठी द्या." वाळलेला पाय सरळ करायला तिला वेळ लागला, कंबर सावरायला त्याहून जास्त. कोणी घाई केली नाही. ती पुरती उठेपर्यंत हैबतराव उभेच होते.

तात्पर्य: दुसऱ्याचे दुखणे घटकाभर पाहून मापता येत नाही. आणि ज्याने ते तसे मापले, त्याच्याकडून पुरते उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नये.