न सुकलेला हार

घाटातला डांबरी रस्ता नवा होता, तेव्हाची गोष्ट. कोऱ्या जीपची पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि इंजिन उतारावर सुसाट सुटलं.

"अरे बाबा, पहिले हजार मैल दमानं घे! माझी पकड अजून बसायचीय," ब्रेक कळवळून म्हणाला.

"पूजा झालीय ना? मग कशाला घाबरतोस?"

तेवढ्यात दरीतल्या धुक्यातून गोड हाका आल्या, "पळ, अजून जोरात पळ!"

"कोण तुम्ही?" ब्रेकनं विचारलं.

"आम्हीही नव्याच गाड्या."

धुकं विरलं. खाली कितीतरी जीपा उलट्या पडल्या होत्या आणि एकेकीच्या गळ्यातला झेंडूचा हार अजून सुकलासुद्धा नव्हता.

इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. "ब्रेकदादा, हजारातले किती मैल झाले?"

"चार."