हैबतीनं आधी लावून पाहिलं

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून व्हायचा होता. नाव हैबती, वय चौतीस. याआधी दोन ठिकाणी जमलेलं मोडलं होतं. दोन्ही ठिकाणी हैबतीनं तोंड उघडल्यावर.

आता तिसरीकडे जमलं. मुलगी कावेरी, तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. मानपान नको, फटाके नकोत, अट एकच. लग्नात अंगाला, चेहऱ्याला जे लावाल ते मातीला आणि ओढ्याला न बाधणारं हवं.

यमुनावहिनीनं दिराला समोर बसवलं. "भावजी, हे मोडलं तर चौथं मी शोधणार नाही. मी सांगीन तसंच करायचं."

"तसंच करीन," हैबती म्हणाला. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. घरच्यांची खरी अडचण तीच होती.

पहिल्या दिवशी वहिनीनं त्याला चेहऱ्याला लावायचं काहीतरी आणायला धाडलं. तो क्रीमची डबी घेऊन आला. डबीवर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, खाली 'शंभर टक्के निसर्ग'. वहिनीनं डबी उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तेवीस नावं होती. कोरफड बाविसावी. तिच्याआधी अख्खा कारखाना. पान उगवलं होतं ते फक्त झाकणावर.

"भावजी, पान बघून भुलायचं नाही. मागे काय घातलंय ते वाचायचं. नाव उच्चारता आलं नाही, तर तिथंच परत द्यायचं."

हैबतीनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. हैबती औषधांच्या दुकानात गेला. पाकीट उलटं केलं. नाव वाचताना तीनदा अडखळला.

"हे तुम्हालाच राहू द्या," तो दुकानदाराला म्हणाला आणि येताना तुळशीच्या दोन काड्या तोडून आणल्या. संध्याकाळी आईचं डोकं गरगरायला लागलं.

"अहो, ते क्रीमचं सांगितलं होतं!" वहिनी पदर खोचून स्वतः पळाली आणि गोळ्या घेऊन आली.

"असं होय," हैबती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यानं आंबेहळद, शिकेकाई आणि कपूरकाचरी आणली. तिन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्या पिशव्या चौथ्या पिशवीत. वहिनीनं कपाळावर हात मारला.

"घरून डबा न्यायचा, भावजी. वेष्टन दुकानातच काढून द्यायचं. आतला माल तेवढा घरी आणायचा."

हैबतीनं मान डोलावली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आईला पाच प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या. हैबती डबा घेऊन गेला. दुकानाच्या पायरीवर तासभर बसला आणि एकेक गोळी पट्टीतून बाहेर काढली. रिकाम्या पट्ट्या मोजून दुकानदाराच्या हवाली केल्या. घरी येऊन डबा खुळखुळ वाजवून दाखवला. आत शंभर गोळ्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल.

आईनं डब्यात डोकावून पाहिलं. "मला काय चमच्यानं वाढणार आहेस, मेल्या?"

पाचव्या दिवशी वहिनीनं कुणावर विसंबायचं सोडलं. उटणं स्वतः कुटलं, स्वतः चाळलं.

"आता नीट ऐका, भावजी. घरचं आहे म्हणून अंगाला मानवेलच असं नाही. आधी कानामागे बोटभर लावायचं आणि एक दिवस थांबायचं. खाज नाही, पुरळ नाही, तर मग सगळीकडे लावायचं."

हैबतीनं मान डोलावली. कानामागे उटणं लावलं आणि पूर्ण दिवस मान न हलवता बसून राहिला. पुरळ उठलं नाही. वहिनीला वाटलं, सुधारला.

सहाव्या दिवशी हळद होती. आचाऱ्याच्या चुलीतून ठिणगी उडाली आणि मांडवाचा पडदा पेटला. पाण्याची बादली नेमकी हैबतीच्या हातात.

"ओता! ओता!" मंडळी ओरडली.

पडद्याला कान नव्हते. म्हणून हैबतीनं कोपऱ्यावर बोटभर पाणी लावलं आणि बादलीशेजारी मांडी घातली. "उद्या बघू, मानवतंय का."

बादली आचाऱ्यानं हिसकावली. अर्धा मांडव वाचला.

वहिनीचा आवाज बसला होता. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, पडद्याला नसतं ते! जे आपल्या अंगाला लागणार, रोजच्या रोज लागणार, तेच फक्त आधी लावून बघायचं. कळलं?"

"आत्ता कळलं," हैबती म्हणाला. आणि खरंच कळलं.

सातव्या दिवशी लग्न. उरलेल्या अर्ध्या मांडवात मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. समोर कावेरी हार घेऊन उभी. हैबतीनं तिच्याकडे पाहिलं. मग विचार केला. ही तर रोजच्या रोज. जन्मभर.

त्यानं तिच्या हारातली एक पाकळी तोडली, स्वतःच्या कानामागे चोळली आणि पाटावर बसला.

"नवरदेव, हार घाला! मुहूर्त चाललाय!" गुरुजी म्हणाले.

"उद्या. पुरळ उठलं नाही तर घालतो."

वाजंत्री थांबली. मुलीचे वडील बाह्या सरसावत पुढे आले.

"थांबा, बाबा," कावेरी म्हणाली. "पद्धत चुकीची नाही." तिनं हैबतीच्या हातातल्या हाराची एक पाकळी तोडली, आपल्या कानामागे चोळली आणि समोरच्या पाटावर बसली. वऱ्हाडी जेवून आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तिनं विचारलं, "उठलं काही?"

"काही नाही!" हैबती हार घेऊन उभा राहिला. "तुम्ही मला मानवता!"

"मला मात्र पुरळ उठलं," कावेरी म्हणाली. तिनं मुंडावळ्या सोडून पाटावर ठेवल्या आणि वडिलांना घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाली. तिच्या कानामागे काहीही नव्हतं. वहिनीला ते लांबूनही स्वच्छ दिसलं.

हैबती वहिनीकडे वळला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. उटण्याचा गुण.

"बघा वहिनी, तुमचं ऐकलं ते किती बरं झालं! सगळं लावलं असतं, तर बिचारीचं काय झालं असतं?"